पोवळ्याचं दुखणं

प्रिय ठमे,

चाळिशी ओलांडलीस, दोन पोरांची आई झालीस, तरी या बापाच्या कागदावर तू ठमीच राहणार. त्यावरून भांडायचं असेल तर नंतर भांड, आधी हे वाचून घे. सोमवारपासून तुझे चार फोन आले आणि चारही वेळा मी "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून दिले. ठीक काही नाही. दोन महिन्यांत तुझ्या आईची साखर तीनदा उतरली. तिसऱ्या वेळी ती स्वयंपाकघराच्या दारातच कोसळली. दवाखान्यातून घरी येऊन आज नऊ दिवस झाले तरी ती भिंत धरूनच चालते. पुढच्या वेळी वेळेवर पोचता येईलच असं नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. ती दवाखान्यात होती तेव्हा तू म्हणालीस, मी तिला माझ्याकडे नेते, आणि मी तुझ्यावर ओरडलो. मी जिवंत असताना तिला सुई टोचायला परका हात लागणार नाही, असं काहीतरी बोललो. हे पत्र आईबद्दलच आहे, पण सुरुवात मला पोवळ्यापासून करावी लागेल, कारण मला जे कळलं ते त्याच वाटेने कळलं.

तूच आणलं होतंस ते, मी निवृत्त झालो त्या वर्षी. पिशवीतल्या खाऱ्या पाण्यात अंगठ्याएवढा जिवंत तुकडा. आई म्हणाली होती, बरं झालं, आता हे माझं डोकं खाण्याऐवजी त्या पोवळ्याचं खातील. मग चार फुटी काचेची टाकी आली, खालच्या कपाटात मोटारी आणि नळ्या आल्या, दोन नारिंगी मासे आले आणि मी पुन्हा माणसात आलो. आठ वर्षांत तो अंगठा दोन मुठींएवढा, सोळा बोंडांचा झाला. प्रत्येक बोंडाला हातोडीसारखी टोकं, प्रवाहात सगळी एका बाजूला झुकायची. आईचे डोळे अधू झाल्यापासून तिला टीव्ही दिसेना, पेपर दिसेना, पण टाकीजवळ खुर्ची ओढली की तो हिरवा हलता गोळा मात्र दिसायचा. सकाळचा चहा ती तिथेच घ्यायची. इन्सुलिनच्या पेनावरचा आकडाही तिला दिसेनासा झाला तेव्हा ते काम मी घेतलं. सकाळी पावणेआठला टाकीची मात्रा, आठला आईची. दोन्हींसाठी एकच वही, दोन रकाने. तुला माझी वही माहीत आहे, लहानपणी तू तिला माझी दुसरी बायको म्हणायचीस.

दोन-अडीच महिन्यांपूर्वी पोवळं उघडेनासं झालं. आधी वाटलं, रुसलंय. आठवडाभरात त्याचं मांस कडेने मागे सरकायला लागलं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागला, हिरडी सरकल्यावर दाताचं मूळ दिसतं तसा. मी चाळीस वर्षं लोकांचे वजनकाटे तपासले, बिघाड शोधणं हा माझा धंदा. म्हटलं, एकेक करून पाहू. पहिल्यांदा खारेपणा. खारेपणा मोजायचं भिंग शुद्ध पाण्यावर शून्य दाखवतं की नाही ते तपासलं. दाखवत होतं. तापमान दोन वेगळ्या मापकांनी पाहिलं, दोन्ही एकमेकांशी इमानदार. दिव्याची उंची वाढवली, मग कमी केली. पाणी फिरवणाऱ्या मोटारीचं तोंड वळवलं. पाणी गाळायच्या यंत्राची सगळी नळकांडी बदलली. टाकीत कुठे पितळी स्क्रू पडून तांबं सुटतंय का म्हणून वाळू चमच्याने चाळली. पोवळं उचलून तपकिरी औषधाच्या वाडग्यात बुडवलं, कसले किडे असतील तर पडावेत म्हणून. एक किडा पडला नाही, पोवळं मात्र आणखी आक्रसलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो सगळा कारभार.

पाण्यात काही सापडेना, तेव्हा मी माणसांकडे वळलो. आईला विचारलं, तू खोलीत सुगंधी फवारा मारतेस का? ती म्हणाली, मला तो डबा दिसतो तरी का? टाकीचं सामान देणाऱ्या मासेवाल्याशी भांडलो, तुझं मीठ भेसळीचं आहे म्हणून. तो बिचारा टक्कल पुसत म्हणाला, साहेब, त्याच पोत्यातलं मीठ मी माझ्या बारा टाक्यांना घालतोय, त्यांना काही होत नाही. मग क्षारता मोजू लागलो. नळीत पाणी घ्यायचं, रंग बदलेपर्यंत थेंब मोजायचे. ती आठच्या आसपास स्थिर असावी लागते, कारण पोवळं त्यातूनच आपला सांगाडा बांधतं, आणि तेवढ्याचसाठी मी रोज सकाळी बाटलीतलं चाळीस मिली द्रावण घालतो. सोमवारी आठ आली, बुधवारी साडेनऊ, शुक्रवारी पुन्हा आठ, रविवारी अकरा. एवढ्या उड्या माणसालाही सोसत नाहीत. संच खराब असेल म्हणून नवा आणला, त्यानेही तेच सांगितलं. वही पाहिली तर रोज चाळीस, रोज चाळीस, रोज चाळीस. एक आकडा इकडचा तिकडे नाही.

द्रावण मी महिन्याचं एकदम करून ठेवतो. ते एकोणीस तारखेलाच संपलं तेव्हा मी मावशींना धरलं. अकरा वर्षं त्या आपल्याकडे झाडूपोछा करत होत्या. मी म्हटलं, तुम्ही बाटली सांडलीत आणि बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, दादा, मी त्या कपाटाला कधी हातसुद्धा लावत नाही. मी म्हटलं, मग काय बाटली पाणी पिते? त्यांनी फडकं वाळत घातलं, आईच्या पाया पडल्या आणि गेल्या, त्या परत आल्या नाहीत. तुला मी सांगितलं होतं की त्यांना दुसरं काम मिळालं. ते खोटं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तुला जमलं तर त्यांना शोध आणि माझ्या वतीने क्षमा माग. मीही मागेन, पण माझ्या मागण्याचा आता काय भरवसा, ते पुढे वाच.

मावशी गेल्यावर पंधरा दिवसांनी आई कोसळली. तिथे दवाखान्यात तीच सुई, तेच अठरा एकक, आणि तिची साखर चार दिवस सरळ रेषेत. डॉक्टर बुचकळ्यात पडले. घरी काय वेगळं होतं, असं त्यांनी मला विचारलं. मी वही पुढे केली. ते म्हणाले, इतकी व्यवस्थित नोंद मी नर्सकडेही पाहिली नाही. आणि मी खूश झालो, ठमे. बायको पलंगावर नळ्या लावून पडलेली, आणि मी शाबासकी घेऊन खूश झालो.

आई घरी आली त्याच्या दोन दिवसांनी मासेवाला पोवळं बघायला आला. बराच वेळ वाकून पाहिलं, माझी वही पाहिली, क्षारतेचे आकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाला, साहेब, रागावू नका, पण कोणीतरी मधूनमधून दोनदा घालतंय. मी त्याला जवळजवळ दाराबाहेर काढलं. तो गेल्यावर मात्र माझ्यातला जुना तपासनीस जागा झाला. तक्रार करणाऱ्याला शिव्या द्याव्यात, पण काटा तपासावाच. नवी बाटली भरली, तिच्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि चाळीस-चाळीस मिलीच्या रेघा मारून प्रत्येक रेघेपुढे तारीख आणि वार लिहिला. शुक्रवारी द्रावण शुक्रवारच्या रेघेवर. शनिवारी शनिवारच्या. रविवारी दुपारी पाहिलं तर सोमवारच्या रेघेवर. वहीत रविवारची एकच नोंद, माझ्या अक्षरात, वेळेसकट. घरात आम्ही दोघं. मावशी नाहीत, आणि आईला पलंगावरून उठवायला मीच लागतो. मी कपाटासमोरच्या स्टुलावर बसलो तो बहुधा तासभर बसून होतो.

कसं झालं असेल ते मी लावून पाहिलं. आमच्या खात्यात मी लागलो तेव्हा पहिल्या साहेबांनी एकच नियम शिकवला होता: काम झाल्याशिवाय नोंद नाही. आधी लिहून ठेवणारा एक तर आळशी, नाही तर चोर. तो नियम मी जन्मभर पाळला. त्यामुळे आधी मात्रा घालायची, मग हात पुसायचे, मग वही उघडायची. त्या मधल्या मिनिटात दाराची घंटा वाजली, फोन आला, दूध उतू गेलं, की परत येईपर्यंत माझ्या डोक्यातून मात्रा पुसलेली असते. थोडी अंधूक नव्हे, पार पुसलेली, ओल्या फडक्याने फळा पुसावा तशी. मी वही उघडतो, रकाना कोरा दिसतो. कोरा रकाना म्हणजे काम राहिलंय. मग मी ते करतो, आणि या वेळी व्यवस्थित लिहितो. म्हणून वही नेहमी बरोबर. अडाण्याची वही असती तर कधीच पकडला गेलो असतो. रविवारी पावणेआठला तुझा फोन आला होता, आठवतं? यात तुझा दोष काही नाही. फोन झाल्यावर आपण काय बोललो तेही मला सांगता येणार नाही.

स्टुलावरून उठलो तो सरळ आईच्या खोलीत गेलो आणि औषधाच्या ट्रेमधलं पेन उचललं. पेनात तीनशे एकक असतात. रोजचे अठरा, आणि सुई तपासायला आधी दोन उडवायचे, म्हणजे वीस. आई घरी आली त्या दिवशी नवं पेन उघडलं होतं, त्याचा हा सहावा दिवस. एकशे ऐंशी उरायला हवे होते. उरले होते एकशे चाळीस. मी पेन उजेडात धरून तीन वेळा पाहिलं. औषधाच्या दुकानदाराशी मी मध्यंतरी भांडलो होतो की तुमची पेनं पंधरा दिवस पुरत नाहीत, कंपनी कमी भरते. आठवतंय मला. भांडणं सगळी आठवतात.

तू म्हणशील, बाबा, आईला कळलं नाही का? एका सकाळी दोनदा सुई टोचली तर माणसाला कळणार नाही? मीही तिला तेच विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, कळत होतं हो. पाच-सहा महिने झाले. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, एकदा बोलले, अहो मघाशी झालं की. तुम्ही वही आणून माझ्या नाकासमोर धरलीत, बघ, कुठे आहे नोंद? मला अक्षर दिसत नाही, पण तुमचा हात कापत होता तो दिसला. मग मी पुढच्या वेळेपासून मुकाट्याने दंड पुढे करू लागले.

सहा महिने तिने ताकास तूर लागू दिली नाही. आणि आता जे लिहितोय ते लिहिताना तीनदा पेन खाली ठेवलं. तुला आठवत असेल, आईच्या उशीखाली गोड गोळ्यांचे कागद सापडले म्हणून मी तुला फोन केला होता. साखरेचं दुखणं आणि म्हातारी चोरून गोळ्या खाते, तू तिला समजाव, म्हणालो होतो. तू तिला फोनवर चांगलंच झापलंस. ती ऐकून घेत होती, हं, हं, करत होती. ठमे, ती हौसेने खात नव्हती. ज्या दिवशी मी दुसरी सुई टोचायचो त्या दिवशी ती गोळ्या चघळून जीव राखत होती. दुपारी घाम फुटला, हात थरथरायला लागले की उशीखाली हात घालायची. पहिल्या दोन वेळा साखर उतरली तेव्हा गोळ्या कमी पडल्या होत्या. मग एका गुरुवारी मी घरातल्या सगळ्या गोळ्या, साखरेचा डबासुद्धा, माझ्या लोखंडी कपाटात घातला आणि किल्ली खिशात ठेवली. तुझ्याच भल्यासाठी, असंही म्हणालो. शुक्रवारी ती स्वयंपाकघराच्या दारात पडली. ती कशाला निघाली होती, ते तुला सांगायला नको.

मी तिला म्हटलं, अगं, जीव गेला असता तुझा. ती म्हणाली, एक सुई जास्त झाली तर गोळी खाता येते. तुम्हाला कळलं असतं तर त्यावर कुठली गोळी होती? मला रडू आलं, ठमे. तिच्यासमोर रडलो. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, तिने मला असं कधी पाहिलं नव्हतं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पोरीला नका सांगू.

सोमवारी सकाळी मी एक शहाणपण केलं. खालच्या मजल्यावर जो छोटा दवाखाना आहे तिथल्या नर्सबाईंकडे पेन दिलं, आणि सोबत चिठ्ठी: रोज आठला येऊन आपण द्यावे, मी मागितले तरी मला देऊ नये. सही केली, तारीख घातली. घरी येऊन मोकळं वाटलं. मंगळवारी दुपारी नर्सबाई आईला बघायला आल्या आणि जाताना मला म्हणाल्या, काका, आता बरं वाटतंय ना? मी म्हटलं, मला काय झालंय? तेव्हा कळलं की मंगळवारी सकाळी मी खाली जाऊन त्यांच्या अंगावर ओरडलो होतो, माझ्या बायकोचं पेन चोरलं म्हणून. पेशंट बघत होते. त्यांनी ती चिठ्ठी माझ्यासमोर धरली तेव्हा मी गप्प झालो, चिठ्ठी वाचली, सॉरी म्हणालो आणि वर आलो. यातलं एक अक्षर मला आठवत नाही. जिना उतरल्याचंही आठवत नाही. बाई खोटं बोलणाऱ्या नव्हेत, आणि आईनेही वरून माझा आवाज ऐकला होता.

पोवळ्याचं विचारशील, तर सोळातली तेरा बोंडं मेली. उरलेली तीन कधी उघडतात, कधी नाही. मासेवाला म्हणाला, साहेब, औषध काही नाही, आता फक्त हात लावू नका. मी त्याला टाकी घेऊन जायला सांगितलं आहे, तो शनिवारी माणसं घेऊन येतो. आई म्हणाली, असू द्या की. मी म्हटलं, नको. ते एक तरी धडधाकट हातात जाऊ दे. काल नळ्या सोडवायला बसलो, तर कुठली नळी कुठून निघते तेच सुधरेना. आठ वर्षांपूर्वी मीच जोडल्या होत्या. तसाच सोडून दिला तो पसारा.

आता ज्यासाठी लिहिलं ते. आईला घेऊन जा. शनिवार-रविवार बघू नकोस, हे पत्र हातात पडेल त्या दिवशी नीघ. फक्त सुईचा प्रश्न असता तर नर्सबाई पुरल्या असत्या, पण तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, गॅस आहे, दाराची कडी आहे, आणि मी पुढे केलेलं काहीही ती निमूटपणे घेते. ती नाही म्हणेल, मला सोडून यायचं नाही म्हणून हटून बसेल. ऐकू नकोस. माझं काय करायचं ते नंतर ठरव. डॉक्टरांना दाखव, कुठे ठेवायचं तिथे ठेव, पण ज्या घरात तिची औषधं असतील त्या घरात मला ठेवू नकोस. आणि हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, तर फोनवर बोललेलं मी उद्या नाकारीन. तू येशील तेव्हा मला यातलं काही आठवत नसेल. मी दारात आडवा उभा राहीन, तुला वाटेल ते बोलेन, मागच्यापेक्षा वाईट बोलेन, वही आणून दाखवीन. माझ्याशी वाद घालू नकोस, रडूही नकोस. हा कागद माझ्या डोळ्यांसमोर धर आणि मला मोठ्याने वाचायला लाव. स्वतःच्या अक्षरापुढे मी अजून गप्प बसतो. ते अक्षर मला ओळखू येतंय तोवर ये.

तुझाच,
बाबा